सुशोभीकरण की बाग?

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी भाषेत एक भारदस्त शब्द ठाण मांडून बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘सुशोभीकरण’. तलावाचे सुशोभीकरण, चौकाचे सुशोभीकरण, फार काय, स्मशानभूमीचेदेखील सुशोभीकरण! हा शब्द फलकावर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण तो जेथे जातो तेथे आधी काहीतरी पाडतो, मग जमिनीवर सिमेंटच्या विटा बसवतो, आणि शेवटी नारळ फोडून निघून जातो. शोभा मागे उरली की नाही, याची चौकशी करण्याचा रिवाज नाही.

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, मास्तरांनी हे भांडण कशाला उकरून काढले, असे वाचक म्हणतील. परंतु हे भांडण भांडायचे तर दिवाळीतच भांडले पाहिजे. वर्षाचे तीनशे साठ दिवस आपण शोभा विकत आणतो. या चार दिवसांत मात्र घरोघर ती हाताने तयार होते. आई उंबऱ्यापुढे रांगोळी काढते, थोरला कामट्या बांधून आकाशकंदील करतो, आणि धाकटी पोरे गुडघाभर चिखलात बसून किल्ला उभारतात. गोणपाटावर माती लिंपायची, अळीव नि मोहरी पेरायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून कोंब कधी फुटतात याची वाट पाहायची. हा किल्ला म्हणजे दुसरे काय आहे? ती एक हाताने केलेली बागच आहे, आणि ती पाहायला सगळ्या आळीला मुक्तद्वार असते. म्हणून म्हणतो, ज्यांनी लहानपणी असा किल्ला केला आहे, त्यांनी माझी तक्रार ऐकून घ्यावी.

आमच्या देवरूखच्या पंचक्रोशीत एक शाळा आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. कारण नाव सांगितले तर दोष तिच्या एकटीच्या माथी बसेल, आणि तशा शाळा गावोगाव आहेत. मी तेथे काही वर्षे नोकरीला होतो. शाळेच्या मागे विहिरीकडे उतरत जाणारी पाच-सहा गुंठे वरकस जागा होती. काजूची दोन झाडे, करवंदीची जाळी आणि ढासळलेला गडगा, एवढेच तिचे ऐश्वर्य. आमच्या शाळेच्या शिपायाने, ज्यांना मुले ‘मामा’ म्हणत आणि पुढे आम्हीही मामाच म्हणू लागलो, त्या जागेत एक बाग केली.

केली म्हणजे काय केली? प्रथम त्यांनी पडलेला गडगा पुन्हा रचला. रचताना त्यात मधूनमधून फुटक्या कपबश्यांच्या ठिकऱ्या बसवल्या, म्हणून सकाळचे ऊन पडले की तो गडगा लुकलुकत असे. मग चिऱ्याच्या तुकड्यांचा एक हत्ती उभा राहिला. त्याचे कान मंगलोरी कौलांचे. त्यापाठोपाठ एक मोर आला. त्याचा पिसारा मुलींच्या फुटलेल्या काकणांचा होता, आणि तो पुरा व्हायला तीन वर्षे लागली, कारण हिरवी काकणे पुरेशी फुटत नव्हती! विहिरीवरच्या टाकीतून जे पाणी वाया जाई त्याला त्यांनी पन्हळ लावून एक ओहोळ केला. त्याच्या काठाने गोंडा, अबोली, तेरडा आणि कोणी लावली हे कोणालाच ठाऊक नसलेली नेची. श्रावणात हत्तीच्या पाठीवर शेवाळ चढे आणि तो हिरवागार होई. दिवाळीला तो वाळून पुन्हा तांबडा होई. एका हत्तीत दोन हत्ती असलेली बाग मी दुसरीकडे पाहिली नाही.

शाळा सुटल्यावर मामा तेथे असत. रविवारी दिवसभर असत. सिमेंट म्हणजे कोणाच्या तरी घराच्या कामावरून उरलेल्या गोणीतले. हत्यारे म्हणजे एक थापी, एक कोयती आणि दहा बोटे. हे काम अकरा वर्षे चालले होते. गणपतीत नि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांना घेऊन येत. मार्लेश्वराला निघालेली मंडळी वाट वाकडी करून डोकावत. तिकीट नव्हते. एकच नियम होता, की येताना एक फुटकी वस्तू घेऊन यायची. फुटकी काच, तुटके खेळणे, बंद पडलेले घड्याळ, काहीही. पुढच्या खेपेला आलात की आपली फुटकी वस्तू कोठे बसली आहे ती शोधायची. मोठमोठी माणसे ओणवी होऊन आपल्या बशीचा तुकडा शोधत आणि सापडला की लहान मुलासारखी ओरडत. मुलांना हस्तकलेचा तास म्हणून जे आम्ही शिकवू शकलो नाही, ते त्या पाच-सहा गुंठ्यांनी शिकवले.

मग अनुदान आले. अनुदान येणे ही वाईट गोष्ट नाही. पण ते ‘परिसर सुशोभीकरणा’साठी आले. समिती बसली. विहिरीकडची जागा साफ करून तेथे सिमेंटच्या विटा, कडेला प्लास्टिकची हिरवळ, फायबरची दोन हरणे आणि रंगीत दिव्यांत गावाचे नाव, असा आराखडा ठरला. ठराव लिहायचा होता. समितीतले गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुमचे मराठी चांगले. तुम्हीच लिहा.”

आणि वाचकहो, तो ठराव मी लिहिला. कोणी माझ्या डोक्यावर बंदूक रोखली नव्हती. मी लिहिले की, ‘सदर जागेत जुन्या बांधकामाचे अवशेष, काचा व अन्य अडगळ साचलेली असून, ती विद्यार्थ्यांच्या दृष्टीने धोकादायक आहे.’ मोराला मी ‘काचा’ म्हटले आणि हत्तीला ‘अवशेष’ म्हटले. जे हात थापी धरणारे होते त्यांचा उल्लेखही केला नाही. दोन दिवसांत जेसीबी आला आणि दोन तासांत काम आटोपले. अकरा वर्षे आणि दोन तास, हा हिशेब मी त्यानंतर पुष्कळ रात्री मांडला आहे.

आता जे त्या समितीच्या बाजूचे आहेत, त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. कारण ते म्हणणे मीच एकदा उत्तम मराठीत मांडलेले आहे.

पहिले म्हणणे असे की, हा सगळा भंगाराचा पसारा. याला बाग कोण म्हणेल? याचे उत्तर चंदीगडला जाऊन आलेला कोणीही प्रवासी देईल. आपल्याकडच्या सहली तेथे हटकून काय पाहतात? ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध स्थापत्यकाराने आखलेले ते शहर, त्याचे सरळ रस्ते, त्याचे सचिवालय ही पाहतात. पण मुले ज्यासाठी हट्ट धरतात ती जागा म्हणजे रॉक गार्डन. ती कॉर्बुझिएने केली नाही. ती नेकचंद सैनी नावाच्या एका रस्ते-निरीक्षकाने केली. १९२४ मध्ये जन्मलेला हा माणूस फाळणीत घरदार गमावून इकडे आला. नवे शहर उठवण्यासाठी जी जुनी खेडी पाडली, त्यांतला राडारोडा, चित्रविचित्र आकारांचे दगड, फुटक्या बांगड्या, चिनी मातीची भांडी, विजेच्या दिव्यांचे निकामी भाग, मोडक्या सायकलींचे सांगाडे, हे सारे त्याने सायकलवर लादून सुखना तलावाजवळच्या रानात नेले. १९५७-५८च्या सुमारास त्याने ही जमवाजमव सुरू केली. त्या रानात काहीही बांधायला कायद्याने मनाई होती. म्हणून दिवसा सरकारची नोकरी आणि रात्री जुन्या टायरी जाळून त्या उजेडात स्वतःचे काम, असे वर्षानुवर्षे चालले. सत्तरीच्या दशकात अधिकाऱ्यांना ते सापडले, तेव्हा एकरांमागून एकर जागेत शेकडो पुतळे उभे होते!

कायद्याने पाहिले तर ते सारे अतिक्रमण होते. पाडायला हरकत नव्हती. परंतु काही शहाणी माणसे तेथे निघाली. त्यांनी ते पाडले नाही. उलट नेकचंदला त्याच कामावर नेमले, पगार दिला, हाताखाली पन्नास मजूर दिले, आणि १९७६ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. पुढे १९८३ मध्ये तिचे टपाल तिकीट निघाले आणि १९८४ मध्ये नेकचंदला पद्मश्री मिळाली. माझ्या ठरावातील ‘अडगळ’ हा शब्द चंदीगडच्या एखाद्या मास्तराने त्या वेळी लिहिला असता आणि त्याचे मराठी, म्हणजे तिकडचे पंजाबी, माझ्याइतके चांगले असते, तर आज तेथे काय असते? बहुधा दोन फायबरची हरणे.

दुसरे म्हणणे सुरक्षिततेचे. काचा लागतील, भिंत पडेल, फटीत जनावर शिरेल. कोकणात जनावराचे भय खोटे नाही, हे मी मान्य करतो. पण ज्याला भिंतीची काळजी आहे त्याने भिंत तपासावी. तपासण्याआधीच पाडू नये. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स भागात सायमन रोडिया नावाच्या एका इटालियन कामगाराने १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षे एकट्याने खपून लोखंड, सिमेंट, शिंपले आणि फुटक्या बाटल्या यांचे मनोरे उभारले. त्यांतले उंच मनोरे शंभर फुटांच्या आसपास आहेत. तो निघून गेल्यावर नगरपालिकेने ते धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम काढला. लोकांनी आग्रह धरला, की आधी परीक्षा घ्या. १९५९ मध्ये दहा हजार पौंडांचा ताण देऊन मनोरा ओढून पाहिला. मनोरा जागचा हलला नाही. ओढणारे यंत्रच वाकले! आमच्या समितीने मामांच्या गडग्याला नुसता हात लावून पाहिला असता, तरी पुरे होते. चार महिने धो धो कोसळणाऱ्या पावसात अकरा वर्षे त्याचा एक चिरा निखळला नव्हता. त्या जागी ज्या सिमेंटच्या विटा बसवल्या, त्या मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात खचल्या, आणि एक मुलगा त्यांतच ठेचाळून पडला. सुरक्षिततेच्या ठरावात हा मुलगा कोठे बसवायचा?

तिसरे म्हणणे जरा विचार करण्यासारखे आहे. करणारा माणूस आहे तोवर ठीक. तो निवृत्त झाला, वारला, की मग अशा बागेचे कोणी पाहायचे? खरी गोष्ट आहे. हाताने केलेल्या वस्तूला हातच लागतात. नेकचंद १९९६ मध्ये परदेशी व्याख्यानांना गेला असता त्याच्या बागेतल्या मूर्तींची मोडतोड झाली. त्याआधी, १९९० च्या सुमारास, रस्त्यासाठी बागेवर यंत्रे चालून आली तेव्हा शेकडो माणसे साखळी करून आडवी उभी राहिली होती. तो १२ जून २०१५ रोजी वारला. आणि २०२५ च्या आरंभी रस्ता रुंद करण्यासाठी त्या बागेच्या भिंतीचा एक भाग पाडलाच. म्हणजे पद्मश्री मिळाली, टपाल तिकीट निघाले, तरी भय सरत नाही. पण यावरून काय निघते? बाग करू नये असे निघत नाही. करणाऱ्याच्या हाताखाली दोन शिकाऊ हात वेळीच द्यावेत, एवढेच निघते. फ्रान्समध्ये शव्हाल नावाच्या एका खेड्यातल्या पोस्टमनने टपाल वाटता वाटता दगड गोळा करून १८७९ ते १९१२ या काळात एकट्याने एक अद्भुत महाल उभारला. शेजारी त्याला खुळा म्हणत. १९६९ मध्ये त्या देशाच्या सरकारने तो महाल संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केला. करणारा १९२४ मध्येच गेला होता, सांभाळणारे निघाले.

आणि सांभाळणे आपल्याला येत नाही असेही नाही. मुंबईत मलबार टेकडीवर पाण्याच्या हौदांवर १८८१ च्या सुमारास जी फिरोजशहा मेहता बाग झाली, तिथले कुंपणांतून कातरलेले प्राणी पाहून आपल्या तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. ते प्राणी काय आपोआप प्राणी राहिले? पानांना कळत नाही आपण हत्ती आहोत म्हणून! कात्री घेऊन माळी त्यांना पुन्हा पुन्हा हत्ती करतो. समोरच्या बागेतला म्हातारीचा बूट तर सिमेंटचाच आहे, आणि तो मला आवडतो. माझे भांडण सिमेंटशी नाही, सरकारशी नाही आणि नगरपालिकेशी तर नाहीच नाही. माझे भांडण एवढेच आहे, की जेथे आधीच कोणाचा तरी हात फिरतो आहे, तेथे तो हात बाजूला सारून यादीतली हरणे आणू नका.

चौथे म्हणणे कोणी उघड बोलत नाही, पण तेच खरे असते. ते असे, की शिपायाने केलेली वस्तू कलाकृती कशी असेल? चित्रकार असता, पदवी असती, तर गोष्ट निराळी. आमच्या देवरुखात चित्रकलेचे महाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. गाव अरसिक आहे असे कोणी म्हणणार नाही. पण चौकटीतले चित्र आम्हांला कळते, आणि गडग्यातली बशी कळत नाही. खरे तर हाच आमच्या मातीचा सर्वांत जुना धंदा आहे. राजापूरकडे कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेली हत्तीची प्रचंड आकृती पाहा. हजारो वर्षांपूर्वी ती ज्याने कोरली, त्याच्यापाशी कोणती पदवी होती? गोव्यात लोटली गावी महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये आडव्या जांभ्या कातळात संत मीराबाईची चौदा मीटर लांबीची मूर्ती तीस दिवसांत कोरली, आणि आजूबाजूला जुन्या गोव्याचे सारे गाव वसवून लोकांना पाहायला खुले केले. आपल्याकडची मंडळी तेथे तिकीट काढून जातात आणि ‘वा वा’ म्हणत परत येतात. तोच जांभा, तोच दगड! परगावी गेला की शिल्प आणि आपल्या परड्यात असला की अडगळ.

मी मामांची क्षमा मागायला गेलो होतो. निवृत्त होऊन ते आपल्या वाडीत राहतात. खळ्यात सूप घेऊन भात पाखडत बसले होते. मी पुष्कळ बोललो. मास्तरांना बोलायची सवयच असते. त्यांनी ऐकून घेतले, मला गुळपाणी दिले, आणि म्हणाले, “ठराव बेस लिहिलात, गुरुजी. मला वाचून दाखवला साहेबांनी. मलासुद्धा वाटले, खरेच अडगळ असेल.”

वाचकहो, माझ्या कादंबऱ्यांना आजवर जी टीका सोसावी लागली, ती सगळी एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी नुसती बाग पाडली नव्हती. ज्याने ती केली त्याच्या मनातूनही ती पाडली होती. आपले शब्द जेसीबीपेक्षा खोल खणतात, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून या दिवाळीत माझी तीन मागणी आहेत, आणि ती नम्र नाहीत.

पहिले मागणे समित्यांकडे. सुशोभीकरणाचा ठराव लिहिण्यापूर्वी त्या जागेत कोणाचा हात आधीपासून चालतो आहे का, एवढे एक वाक्य ठरावात लिहा. असेल, तर अनुदानातले चार पैसे त्याच्या सिमेंटला द्या आणि दोन मदतनीस द्या. चंदीगडला जे जमले ते देवरुखाला न जमण्यासारखे नाही.

दुसरे मागणे माझ्या व्यवसायबंधूंकडे. तुमचे मराठी चांगले आहे म्हणून कोणी कागद पुढे सरकवला, तर लिहिण्यापूर्वी त्या जागेवर एकदा जाऊन या. मी गेलो नव्हतो. रोज खिडकीतून बाग दिसायची, म्हणून ती पाहिलेली आहे असे मला वाटत होते.

तिसरे मागणे आईबापांकडे. बाजारात आता तयार किल्ले मिळतात. पांढऱ्या प्लास्टरचे, बुरूज रंगवलेले, आणून ठेवले की झाले. चिखल नाही, नखे मळत नाहीत, फरशी खराब होत नाही. हा तयार किल्ला आणि ते फायबरचे हरीण ही सख्खी भावंडे आहेत. ज्या मुलाने स्वतःचा किल्ला कधी लिंपला नाही, ते मूल मोठे होऊन समितीत बसेल तेव्हा दुसऱ्याच्या हातची बाग त्याला ओळखू येणार नाही. वाकडा बुरूज होऊ द्या. मोहरी उगवली नाही तर न उगवो. शेजारच्यांना बोलावून तो किल्ला दाखवा, आणि ‘आमच्या बंड्याने केला’ असे म्हणताना ओशाळू नका.

माझ्यापुरते सांगायचे तर घरामागे जी थोडी जागा आहे तेथे मी एक गडगा रचायला घेतला आहे. मामा आठवड्यातून एकदा येतात, माझे रचलेले तीन चिरे काढून पुन्हा बसवतात आणि काही न बोलता चहा घेऊन जातात. हत्ती अजून फार दूर आहे. पाडव्याला कोणी देवरुखाकडे आलात तर जरूर डोकवा. येताना एक फुटकी वस्तू आणायला मात्र विसरू नका; हिरवे काकण असेल तर उत्तमच.